पक्ष्यांसमोर दोन शब्द

निफाड तालुक्याचं नाव वर्षातून तीनदा पेपरच्या पहिल्या पानावर झळकतं. थंडीत पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा छापून येतो आणि तो वाचून पुण्या-मुंबईतली माणसं कपाटातला स्वेटर काढतात. दुसऱ्यांदा येतं लासलगावच्या कांद्यामुळे. भाव पडला तर शेतकरी रस्त्यावर येतो आणि चढला तर सरकारच्या डोळ्यांत पाणी येतं. तिसरी बातमी पावसाळ्यातली. गंगापूर आणि दारणा धरणं भरली की रोज संध्याकाळी सांगितलं जातं, नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत इतक्या हजार क्युसेकने विसर्ग. या तिसऱ्या बातमीमुळे अख्ख्या मराठवाड्याला नांदूरमधमेश्वर हे नाव तोंडपाठ आहे. पैठणकडचा माणूस तिथे आयुष्यात एकदाही गेलेला नसतो, पण तिथला आकडा ऐकून जायकवाडी यंदा किती टक्क्यांवर थांबेल हे तो पारावर बसून सांगतो.

त्याच बंधाऱ्याच्या मागच्या पाण्यावर दर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात, ही बातमी मात्र आतल्या पानावर, वधू-वर सूचक जाहिरातींच्या शेजारी.

आता हा बंधारा पक्ष्यांसाठी कुणी बांधलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी तो घातला, तो कालव्यांसाठी. डावा कालवा, उजवा कालवा, त्यावर खाली कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेती, असा सरळ हिशेब होता. नद्यांनी मात्र त्यात आपली भर घातली. त्यांनी दरवर्षी गाळ आणून टाकला. गाळ साचणं म्हणजे पाटबंधारे खात्याच्या भाषेत साठवणक्षमता घटणं. बदकाच्या भाषेत गुडघाभर पाणी, मधूनमधून बेटं, भरपूर पाणवनस्पती आणि चिखलात वळवळणारं जेवण. इंजिनिअरने ज्याच्यापुढे लाल शेरा मारला, त्यावर पक्ष्यांनी पसंतीची मोहोर उठवली. 1986 साली सरकारने तिथे शंभर चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं. एका खात्याचा तोटा दुसऱ्या खात्याचा नफा झाल्याचं हे आपल्या प्रशासनातलं दुर्मीळ उदाहरण आहे.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणाले होते, असं तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं जातं. आपल्याकडे कुठलीही चांगली जागा दुसऱ्या कशाची तरी महाराष्ट्रातली शाखा असल्याशिवाय लोकांना पटत नाही. महाराष्ट्राचं काश्मीर, महाराष्ट्राचं चेरापुंजी, तसं हे. भरतपूरचा माणूस आपल्या गावाला राजस्थानचं नांदूरमधमेश्वर म्हणत असेल असं वाटत नाही. खरं तर दोघांची कुंडली जुळते. भरतपूरच्या पक्षी अभयारण्याचं पाणीही माणसानेच बांध घालून अडवलेलं आहे, आणि दोन्ही ठिकाणी पक्ष्यांनी माणसाच्या मूळ योजनेकडे साफ दुर्लक्ष केलेलं आहे. 2020 च्या जानेवारीत नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. म्हणजे इराणमध्ये कॅस्पियन समुद्राच्या काठी रामसर नावाचं गाव आहे, तिथे 2 फेब्रुवारी 1971 रोजी पाणथळ जागा वाचवण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत निफाड तालुका जाऊन बसला. झाडंझुडपं, मासे, पक्षी, प्राणी धरून 536 प्रजातींची तिथली नोंद या कराराच्या दफ्तरी आहे.

एवढा मान मिळाला की पुढची गोष्ट अटळ असते. ती म्हणजे जनजागृती.

जनजागृतीला दिवस कमी पडू नयेत याची दक्षता आपल्या कॅलेंडरने घेतलेली आहे. ऑक्टोबर उजाडला की 1 ते 7 वन्यजीव सप्ताह. नोव्हेंबरात 5 ते 12 पक्षी सप्ताह, कारण 5 तारखेला वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 ला सालिम अलींचा. 2020 पासून हा सप्ताह राज्यात सरकारी इतमामाने साजरा होतो. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना. 2 फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन. 21 मार्चला वन दिन, 22 ला जल दिन. पक्षी ऑक्टोबरच्या सुमारास येऊ लागतात आणि मार्चमध्ये निघून जातात, तेव्हा हे वेळापत्रक बऱ्यापैकी जुळतं. फक्त 5 जूनचा पर्यावरण दिन चुकतो. त्या दिवशी सैबेरियाकडचा एकही पाहुणा हजर नसतो. पण वृक्षारोपणाला पक्ष्यांची अट नाही. पक्षी सप्ताहालाही एक पंचाईत आहे, ती दिवाळीची. 2023 साली लक्ष्मीपूजन नेमकं 12 नोव्हेंबरला आलं. ज्या माणसाने पक्ष्यांचे आवाज ऐकण्यात हयात घालवली, त्याचा जन्मदिवस महाराष्ट्राने सुतळी बॉम्ब लावून साजरा केला.

आता मुख्य मुद्दा सांगतो. नदीकाठच्या अभयारण्यात जाऊन माणसाने करायची गोष्ट एकच असते : गप्प बसायचं. पाण्याकडे बघायचं आणि गप्प बसायचं. आणि मराठी माणसाला सार्वजनिक ठिकाणी सगळं येतं, एवढं एकच येत नाही. त्याला वर्गणी काढता येते, मांडव घालता येतो, समिती नेमता येते, समितीत फूट पाडता येते. पण नुसतं बसण्याचा कार्यक्रम त्याच्या पत्रिकेत छापता येत नाही, कारण त्याला अध्यक्ष कशाला हवा हे सांगता येत नाही. म्हणून शांततेचा प्रसारसुद्धा आपल्याला माईकवरूनच करावा लागतो.

नदीकाठचे असे कार्यक्रम, मग ते कुठल्याही जिल्ह्यातले असोत, एकाच साच्यातले असतात. मी कुठल्या एका आयोजकाबद्दल बोलत नाही; ही जात सर्वत्र आढळणारी, स्थानिक, निवासी आणि बारमाही आहे. निमंत्रणात वेळ सकाळी साडेसहाची असते, कारण ती पक्ष्यांची वेळ आहे. प्रमुख पाहुण्यांची वेळ साडेनऊची. मधल्या तीन तासांत पक्षी आपली न्याहारी आटोपतात, पोहून घेतात, पंख वाळवतात आणि ऊन चढल्यावर आतल्या बेटांकडे निघून जातात. तेवढ्यात माईकवाला येतो. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ हे शब्द पाण्यावरून जितके लांब जातात तितके जमिनीवरून जात नाहीत. त्या पहिल्या ‘हॅलो’ला काठचे शेकाटे उडतात, दुसऱ्याला टिटव्या ओरडत घिरट्या घालतात, आणि ‘चेक, चेक’ होईपर्यंत तळं सभेसाठी मोकळं झालेलं असतं.

मग दीपप्रज्वलन. उघड्या नदीकाठावर, थंडीच्या वाऱ्यात, समई पेटवणं हा साहसी खेळ आहे. पाच मान्यवर वाऱ्याकडे पाठ करून, शाली पसरून, ज्योतीभोवती कडं करून उभे राहतात. काडी पेटते, विझते. पुन्हा पेटते. सगळ्यांचे श्वास रोखलेले असतात. संपूर्ण कार्यक्रमात खरी शांतता असते ती एवढीच, आणि मी तर म्हणतो की अभयारण्यातल्या कार्यक्रमात समई ठेवावी आणि ती पेटेपर्यंतच कार्यक्रम करावा.

स्वागताला हल्ली पुष्पगुच्छ देत नाहीत, रोप देतात. ही फार चांगली प्रथा आहे. पाहुणे ते रोप हातात घेतात, फोटो होतो, रोप मागच्या टेबलावर जातं, आणि पुढच्या पाहुण्याला तेच दिलं जातं. एका जास्वंदीच्या रोपाने एका सकाळी सात मान्यवरांचं स्वागत केल्याचं पाहण्यात आहे. मागे फ्लेक्स असतो. त्यावर निळं पाणी, हिरवी झाडं आणि मधोमध एक भव्य लाल-निळा मकाव पोपट. हा पक्षी दक्षिण अमेरिकेतला. निफाड-सिन्नरच्या हवेत त्याने कधी पाऊल टाकलेलं नाही. पण फ्लेक्सवाल्याच्या संगणकात ‘पक्षी’ म्हटलं की तोच येतो, आणि चिखलात उभा असलेला मळकट तुतारी पक्षी त्याच्यापुढे छापायला फिका पडतो.

भाषणात ‘निसर्गाचा ऱ्हास’, ‘पुढची पिढी’ आणि ‘वेळेअभावी’ हे तीन शब्दप्रयोग येतातच. ‘वेळेअभावी मी फार बोलणार नाही’ म्हणणारा वक्ता किमान वीस मिनिटं घेतो. त्यातली दहा तो आपण लहानपणी चिमण्या किती बघायचो यात घालवतो. नदीकाठच्या कुठल्याही सभेत वक्त्याच्या पाठीमागे नदी असते आणि श्रोत्यांच्या समोर. म्हणजे पक्षी फक्त श्रोत्यांना दिसतात, आणि वक्त्याला वाटतं की लोक आपल्याकडेच इतक्या एकाग्रतेने बघताहेत. एखादी नदी सुरय मागे पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर येते, श्रोत्यांतून ‘अरे वा!’ निघतं, आणि वक्ता ते वाक्य पुन्हा एकदा म्हणतो.

आभारप्रदर्शन संपलं की प्रत्यक्ष पक्षीनिरीक्षण. आणि इथे कार्यक्रम खरा सुरू होतो, कारण इथे गाइड येतो.

नांदूरमधमेश्वरला चापडगावच्या बाजूने आत गेलं की निरीक्षण मनोरे आहेत, आणि सोबत येणारे गाइड म्हणजे आसपासच्या गावांतलीच तरुण मुलं. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी ही सगळी पाण्याला लागून असलेली गावं. ज्या मुलाचा आजोबा पाण्यावरच्या सगळ्याच काळ्या ठिपक्यांना ‘पानकोंबड्या’ म्हणून मोकळा व्हायचा, तो आज दुर्बीण न लावता सांगतो, ‘ते डावीकडचे गडवाल, त्यांच्या मागं थापट्या, आणि तो एकटा लांब शेपटीवाला तलवार बदक.’ मराठी नाव, इंग्रजी नाव, आणि समोरचा माणूस फारच शहाणपणा करू लागला तर लॅटिन नाव, असा तिहेरी मारा त्याच्याकडे असतो.

त्याचे आणि पर्यटकांचे संवाद मात्र जगातल्या सर्व पाणथळींवर सारखेच असावेत.

‘काका, तो बघा, बाभळीच्या खाली, उजवीकडं. मोर शराटी.’

‘कुठली बाभूळ?’

‘ती नाही, तिच्या मागची.’

‘जिच्यावर बगळा बसलाय ती?’

‘तो बगळा नाही काका, पिशवी अडकलीय.’

तोवर रांगेतल्या दुसऱ्या कुणीतरी ‘दिसला, दिसला!’ म्हटलेलं असतं. हे ‘दिसला’ साथीच्या रोगासारखं पसरतं. एकाने म्हटलं की पुढच्या दहा जणांना तो दिसतोच. पक्षी दिसला नाही असं कबूल करणं म्हणजे आपली नजर, आपलं शिक्षण आणि आपण दिलेलं प्रवेशशुल्क या तिन्हींवर शंका घेणं. टेलिस्कोपचं तर विचारूच नका. त्याला डोळा लावणारा माणूस आधी चुकीचा डोळा मिटतो, मग दोन्ही मिटतो, मग स्वतःच्या पापणीचे केस बघून ‘काय रंग आहेत हो!’ म्हणतो. गाइड हे ओळखून असतो. तो नम्रपणे टेलिस्कोपचं तोंड पुन्हा पक्ष्याकडे वळवतो आणि म्हणतो, ‘आता अजून छान दिसेल.’ इतका सभ्यपणा मी आपल्याकडे कुठल्याही काउंटरवर पाहिलेला नाही.

एक प्रश्न प्रत्येक घोळक्यातून येतो : ‘बिबट्या दिसेल का?’ समोर अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद असलेलं पाणी आहे, मध्य आशिया ओलांडून आलेली बदकं आहेत, आणि माणूस उसाकडे बघत उभा. निफाडच्या उसात बिबट्या असतो हे खरं आहे, पण गावच्या माणसाला तो दिसावा अशी कधीच इच्छा नसते. पाण्याची पाळी रात्रीची आली की उसातून बॅटरी घेऊन तोच जातो. गाइड एवढंच म्हणतो, ‘दिसू नये म्हणून हात जोडा, ताई.’ ताई नेमक्या त्याच वेळी हात जोडतात, पण ते समोरच्या वारकऱ्यांना. हे वारकरी म्हणजे काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी. हजारोंनी पाण्यावर असतात आणि दिवसभर डोकं वर-खाली करत आपलं खाणं उरकतात. गाइडने नाव सांगितल्यावर ताईंनी आधी नमस्कार केला आणि मग विचारलं, ‘हे पंढरपूरला जातात का हो?’ जातीलही. नदी वेगळी आहे, पण उडणाऱ्याला काय.

पर्यटकांचे प्रकार पक्ष्यांइतकेच असावेत, आणि त्यांचीही सूची कुणीतरी करायला हवी. पहिला प्रकार भल्यामोठ्या लेन्सचा छायाचित्रकार. मातकट, पानाफुलांच्या नक्षीचे कपडे घालून तो झुडपात मिसळून जातो आणि मग झुडपातून मोठ्या आवाजात दुसऱ्या झुडपाला शटरस्पीड विचारतो. दुसरा यादीवाला. त्याला पक्षी बघायचा नसतो, टिकमार्क करायचा असतो. एकदा नाव लिहिलं की तोच पक्षी पुढ्यात नाचला तरी तो मान वळवत नाही. तिसरा मोबाइलवाला. पक्ष्यांचे आवाज ओळखणारं अ‍ॅप हाताशी असतं, आणि ओळखून झाल्यावर तो तेच आवाज मोठ्याने वाजवून खऱ्या पक्ष्याला बोलावतो. बिचारा पक्षी आपल्या हद्दीत कुणी परका घुसला समजून खाणंपिणं सोडून भांडायला येतो. चौथा प्रकार संपूर्ण कुटुंब. त्यांच्याकडे दुर्बीण एक आणि डबे सहा असतात. सर्वांत अलीकडे आढळू लागलेला पाचवा प्रकार म्हणजे प्री-वेडिंग. पाण्याकाठी दोघं हातात हात घेऊन उभी, आणि फोटोग्राफर सांगतोय, ‘मागचे ते केशरी पक्षी फ्रेममध्ये येऊ द्या, रोमँटिक दिसतंय.’ ते केशरी पक्षी म्हणजे चक्रवाक. लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात खाली येतात. जुन्या कवींच्या मते चक्रवाकाची जोडी रात्र झाली की एकमेकांपासून ताटातूट होऊन रात्रभर दोन काठांवरून रडते. लग्नाआधीच्या फोटोत याहून वाईट शकुन शोधून सापडला नसता. पण फोटो छान येतो.

या सगळ्यांत मला सहल करून येणारी शाळकरी पोरं सर्वांत बरी वाटतात. त्यांच्यावर दिवसभर ‘रांग मोडू नका’ आणि ‘हात लावू नका’ असा मारा चालू असतो, पण त्यांची नजर शाबूत असते. मोठ्यांना गाइडने दाखवलेलाही पक्षी दिसत नाही, पोरांना न दाखवलेला दिसतो. एका पोराने आपल्या सरांना विचारलं, ‘सर, पक्ष्यांना कळतं का हे अभयारण्य आहे?’ सर म्हणाले, ‘निबंधात लिही.’ प्रश्न निबंधाहून मोठा होता. उत्तर समोरच होतं. पलीकडच्या काठाने एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन धडधडत गेला, तरी पाण्यावरच्या वारकऱ्यांनी मान वळवली नाही. आणि पांढरा शर्ट घातलेला एक पाहुणा सेल्फीसाठी दोन पावलं पुढे सरकला, तर सगळा थवा उठला. पक्ष्यांना हद्दीच्या खांबांपेक्षा माणसं कळतात. गावकऱ्यांची ओळख त्यांनी कुठलाही मेळावा न भरवता करून घेतलेली आहे.

जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना हा या सगळ्या उपक्रमांतला माझ्या मते सर्वांत प्रामाणिक प्रकार. 1987 पासून आशियाभरच्या पाणथळींवर ही गणना होते आणि ती बहुतेक सगळी हौशी माणसं करतात, पदरमोड करून. आता पाण्यावर पसरलेले पाच हजार वारकरी मोजायचे कसे, तेही ते सतत बुड्या मारत असताना? पद्धत अशी की थव्याचा एक छोटा तुकडा नीट मोजायचा, समजा पन्नास, आणि असे किती तुकडे थव्यात बसतात ते नजरेने बघायचं. आचारी एक पंगत मोजतो आणि पंगतींनी गुणून वाढपाचा अंदाज बांधतो, तेच गणित. फरक इतकाच की पंगतीत बसलेली माणसं मधेच उडत नाहीत. इथे अर्धी मोजणी झाली की आकाशात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला येतो. त्याला बघून सगळं तळं एकदम उठतं आणि दुसरीकडे जाऊन बसतं. तेव्हा दोन मोजणाऱ्यांमध्ये वाद सुरू होतो. एकाच्या मते अठराशे, दुसऱ्याच्या मते बाविसशे. शेवटी सरासरी काढून दोन हजार लिहितात, आणि पुढच्या मनोऱ्यापर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. पक्ष्यांसाठी त्या सकाळी पाळलेलं मौन हे असं जमून येतं.

श्रमदान हा आणखी एक लोकप्रिय प्रकार, आणि त्याचा आवडता शत्रू म्हणजे जलपर्णी. ही बाई मूळची दक्षिण अमेरिकेची, म्हणजे फ्लेक्सवरच्या मकावच्या माहेरची. जांभळी फुलं बघून लोकांनी हौसेने तिला घरच्या तळ्यात आणलं, आणि आता ती नदीतून निघत नाही. पाण्यात सांडपाण्याचं खत मिळालं की काही आठवड्यांत दुप्पट होते. श्रमदानाच्या दिवशी शंभर माणसं हातमोजे घालून ती ओढतात आणि काठावर ढीग रचतात. हातात एकेक रोप धरलेला समूहफोटो होतो. मग सगळे चहाला जातात आणि ढीग काठावरच राहतो. तो लांब नेऊन टाकला नाही तर पहिल्या पाण्याबरोबर पुन्हा नदीत शिरतो, आणि नदीला खत पोचवणारी वरच्या गावाशहरांची गटारं चालूच असतात. त्या गटारांपाशी समूहफोटोला अजून कुणी उभं राहिलेलं नाही. वास्तविक जलपर्णीविरुद्धचं श्रमदान तिथून सुरू व्हायला हवं. पण तिथे हातमोजे पुरत नाहीत, मंजुरी आणि निधी लागतो.

राहता राहिले गावकरी, ज्यांच्यासाठी ‘लोकसहभाग’ हा शब्द निघाला. अभयारण्याची हद्द शंभर चौरस किलोमीटरची म्हणजे त्यात नुसतं पाणी नाही; गावं आली, वस्त्या आल्या, कांदा आला, गहू आला, ऊस आला. त्यांचं पक्ष्यांशी नातं भाषणातल्यासारखं गोड नाही आणि बातम्यांतल्यासारखं कडूही नाही. निफाडचा द्राक्षबागायतदार बागेवर जाळी टाकतो, साळुंक्या-बुलबुलांच्या नावाने शिव्या घालतो, डबे वाजवतो, आणि रविवारी पाहुण्यांना घेऊन तळ्यावर जातो तेव्हा फ्लेमिंगो दाखवत ‘बघा, आमचा रोहित आलाय’ असं घरचा जावई आल्याच्या थाटात सांगतो. बागेतला पक्षी चोर आणि तळ्यातला पाहुणा. यात काही विसंगती नाही. पाहुण्याने माजघरात शिरून द्राक्षं खाल्ली तर त्यालाही आपण चोरच म्हणू.

तळ्याचं पाणीही पक्ष्यांच्या मालकीचं नाही. वरच्या धरणातून आवर्तन सुटलं की पाणी चढतं, कालव्याला गेलं की उतरतं. काल जिथे चिखलात पाणटिवळे चरत होते तिथे आज बदकं पोहतात. शेतकरी पाण्याच्या पाळीची वाट बघतो आणि बगळाही बघतो. फक्त बगळा अर्ज करत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्याला पाहुण्यांनी विचारलं, ‘बाबा, पक्ष्यांमुळे तुम्हाला काय फायदा?’ बाबा म्हणाले, ‘नातू घरी राहिला.’ नातू गाइड होता. नाशिकला कंपनीत जायच्या ऐवजी तो सकाळी सहाला मनोऱ्यावर जातो, दुर्बीण भाड्याने देतो, आणि शहरातल्या माणसांना त्यांच्याच पापणीचे केस दाखवून चार पैसे मिळवतो. जनजागृती खऱ्या अर्थाने झाली असेल तर ती इथे.

माझं साधं म्हणणं असं. कार्यक्रम जरूर करा, कारण कार्यक्रम केल्याशिवाय आपल्याला राहवणार नाही. पण माईक, मांडव, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे हे सगळं गावातल्या शाळेच्या पटांगणात ठेवा; गावालाही ते आवडेल आणि समईही विझणार नाही. तळ्यावर फक्त माणसं पाठवा, तीही थोडी थोडी. आणि तुम्ही स्वतः जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. साडेसहा म्हणजे साडेसहाला पोचा. निफाडच्या थंडीला हसू नका, कानटोपी घ्या. पांढरे, लाल, भडक कपडे घरी ठेवा. गाइड घ्या आणि त्याच्या पैशांत घासाघीस करू नका. कांद्यात हरलेला तालुका आहे तो. पक्षी दिसला नाही तर ‘दिसला नाही’ म्हणा, तो पुन्हा दाखवेल. आणलेला कचरा परत न्या. आणि मनोऱ्यावर चढल्यावर अर्धा तास, फक्त अर्धा तास, एक शब्दही बोलू नका. जे बोलायचं ते परत येताना गाडीत बोला, चापडगाव मागे पडल्यावर.